गाठ सोडा आधी

“गाठ सोडा आधी, हात मग जोडा,” फाटकाशी उभ्या काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावायच्या. हातात कुणीतरी गायीसाठी टाकलेली पॉलिथिनची पिशवी असायची. आमच्या सेक्टरमध्ये पहिली पोळी गायीची, ही रीत घरोघर आहे. ती पिशवीत घालून, गाठ मारून, गाडी न थांबवता फेकायची, हीसुद्धा. पुण्य आपलं, प्लास्टिक गायीच्या पोटात.

काकू मिरजेकडच्या. मुलगा आयटी पार्कात, म्हणून इथे उत्तरेत. मी त्यांच्या वर राहणारा, विद्यापीठात शिकवणारा. एकदा मी म्हणालो, “काकू, आपण माता आहोत हे त्या गायीला ठाऊक तरी आहे का?”

“तुम्ही सांगा की मग. तोवर ही पिशवी धरा.”

ती म्हणजे गल्लीतली तांबडी. एकच शिंग, आणि दूध आटल्यावर कुणीतरी सोडून दिलेली.

वसुबारसेला काकू दुधाला शिवत नसत. शेजारच्या पंजाबी आंटी नेमक्या लस्सी घेऊन यायच्या. “आज दूध वासराचं,” काकू सांगायच्या. दूध नाकारणारी बाई आंटींनी जन्मात पाहिली नव्हती. दर वर्षी तब्येतीची चौकशी करून जायच्या.

एका गोपाष्टमीला सेक्टरच्या प्रधानजींनी, म्हणजे रहिवासी संघाच्या अध्यक्षांनी, पार्कात गोपूजन मांडलं. जवळच्या मुल्लानपूरहून पांढरी गाय भाड्याने आली. तिच्या शिंगांना सोनेरी रंग होता. तिच्यापुढे प्रमुख पाहुणे अगदीच साधे दिसले. तांबडी मध्ये घुसून हार खाईल, म्हणून तिला कोंडवाड्यात न्यायला सकाळीच गाडी बोलावली होती. तिकडे गेलेली म्हातारी गाय परत आलेली आम्ही कुणी पाहिली नव्हती.

काकू पूजेचं ताट घेऊन आल्या आणि गाडीच्या फळीवरच बसल्या.

“माताजी, हटिए. ये आवारा है,” ड्रायव्हर म्हणाला.

“दूध देती थी तब नहीं थी आवारा? आटल्यावर आवारा, काय?” राग आला की काकूंची हिंदी मिरजेला परत जायची.

“पूजा तो उधर है, माताजी.”

“उधर फोटो है. पूजा इधर है.”

त्यांनी तांबडीच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, आरती सुरू केली. आता पंचाईत अशी, की पूजा चाललेली गाय उचलायची कशी? ड्रायव्हरने चपला काढल्या. प्रधानजींनी नाइलाजाने हात जोडले. पाहुणे जाईपर्यंत आरती थांबवायची नाही, हे काकूंनी ठरवलंच होतं. पण आरत्या संपल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला एक आरती पूर्ण येत नाही. मी डोळे मिटले आणि खड्या आवाजात एकोणतीसचा पाढा सुरू केला. एकोणतीस चोक सोळोत्तरशेला ड्रायव्हरने मान लववली. काकू पदरात तोंड लपवून हसत होत्या. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं. तांबडीने तेवढ्यात ताटातला झेंडू संपवला. गाडी रिकामी गेली.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. तांबडी अजून सकाळी त्यांच्या फाटकाशी येते. पिशव्याही येतात.

परवा मी गाठ सोडत होतो, तेव्हा प्रधानजी आले. हळूच म्हणाले, “सर, अब तो माताजी भी नहीं रहीं. गाड़ी बुला लें?”

मी पोळी तांबडीपुढे धरली, डोळे मिटले आणि म्हटलं, “एकोणतीस एके एकोणतीस.”