तळ्यात पोळी टाकू नये

जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत एक तळं आहे. बिल्डरच्या जाहिरातीत असतं ना, तसलं. चारी बाजूंनी दगडी काठ, मध्ये कारंजं, आणि ते कारंजं सगळे फ्लॅट विकले जाईपर्यंतच उडालं. पण पाणी आहे. पाण्यात लाल-सोनेरी मासे आहेत, थोडी बदकं आहेत आणि राजहंसांची एक जोडी आहे, पांढरीशुभ्र, नारिंगी चोचीची, आणि इतकी भांडखोर की कुरिअरवाले भैया लांबून वळसा घालतात. थंडीत सकाळी धुकं उतरलं की काठ दिसेनासा होतो आणि ही पाखरं हवेतच तरंगतायत असं वाटतं. मी बाल्कनीत कॉफी घेऊन उभी राहायची. अर्धवट झोपेत वाटायचं, आपण कुठेच नाही, ना जयपुरात, ना अमरावतीत. मग लॅपटॉप उघडावा लागायचा.

संक्रांतीनंतर आई राहायला आली. बाबा गेल्यापासून ती गावी, अमरावतीत, एकटीच होती. सामानात कपडे कमी आणि डबे जास्त. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात, माझ्या आईच्या मते विठोबाही जेवूनच आलेला बरा. तिचा आग्रह म्हणजे काय सांगू, नको म्हणून ताटावर हात आडवा धरला तर ती हातावर पोळी वाढेल. पण इथे वाढायचं कुणाला? मी दिवसभर कॉलवर, जेवण उभ्याउभ्या. चार दिवस ती रिकाम्या स्वयंपाकघरात ओटा पुसत राहिली आणि मग तिला तळं सापडलं.

रोज सकाळी ती उरलेल्या पोळ्या कुस्करायची, त्यात तूप-गूळ घालायची आणि शाल गुंडाळून खाली जायची. तिच्या चपलांचा आवाज आला की धुक्यातून आधी कलकलाट यायचा, मग चोची, मग पांढऱ्या माना. पाण्याखाली माशांचा लाल ढग तिच्या पायापाशी जमायचा. मी वरून बघायची. खरं सांगते, इतकी सुखी मी तिला बाबा असतानाही पाहिली नव्हती. ती त्यांच्याशी बोलायचीसुद्धा. "घे न अजून, लाजू नको," असं एका बदकाला म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकलंय.

थंडी सरता सरता हंसिणीची अंडी फुटली. त्यातलं एकच पिल्लू टिकलं, पिवळं, धांदरट. ते आईबापांना सोडून माझ्या आईच्या मागे फिरायला लागलं. मग काय, त्याच्यासाठी तूप जास्त.

आता तिला एकटीलाच कशाला बोल लावू. इथे माशांना पिठाच्या गोळ्या घालणं हे पुण्याचं काम. कुणाला पंडितजींनी सांगितलेलं, कुणाच्या घरात चालत आलेलं. कुणी ब्रेडची अख्खी पाकिटं ओतायचे, बुरशी आलेलीसुद्धा. सगळ्यांचं पुण्य तळाशी जाऊन कुजत होतं. ऊन चढू लागलं तसं पाणी हिरवं झालं, त्याला आंबलेल्या कणकेचा वास यायला लागला. आणि सकाळी मासे वर येऊन, तोंडं पाण्याबाहेर काढून, उभेच्या उभे राहायला लागले.

"बघ न, कशी तोंडं वासून उभी हायेत," आई म्हणाली. "भूक लागली त्यायले." आणि तिनं पोळ्या वाढवल्या.

त्याच सुमारास पिल्लाचा एक पंख बिघडला. पिसं फुटत होती, पण डाव्या पंखाचं टोक उलट्या घातलेल्या बाहीसारखं बाहेर वळलेलं. आईनं ते दिवसभर हातानं दाबून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पिल्लाला खोक्यात घालून आम्ही दोघी ऑटोनं आदर्श नगरला गेलो. तिथे पक्ष्यांवर उपचार करणारी एक डॉक्टर आहे, माझ्याहून लहान, सावकाश बोलणारी. तिनं पंख सरळ घडी करून मऊ पट्टीनं अंगाशी बांधला. वेळेत आणलंत, म्हणाली, बहुतेक सरळ होईल, पण खाणं बदललं तरच. पोळी-ब्रेडनं पिल्लू झपाट्यानं जड होतं, पंखाच्या कोवळ्या सांध्याला ते वजन झेपत नाही. त्याला चिरलेलं गवत, कोबी, भिजवलेलं धान्य द्या. तेही पाण्यात टाकायचं नाही, काठापासून लांब परातीत ठेवायचं, शेजारी प्यायचं पाणी, आणि उरलेलं लगेच उचलायचं. कोंबड्यांचं औषध घातलेलं खाद्य तर चुकूनही नको. माशांना वेगळ्या कोपऱ्यात, बदकांचं आटोपल्यावर, लगोलग संपेल एवढंच.

आई मान हलवत होती. मग तिनं तिच्या खणखणीत हिंदीत विचारलं, मासे सकाळी तोंड उघडून उभे असतात, त्यांना मग थोडं जास्त द्यायचं ना?

"माताजी, वो भूखी नहीं हैं," डॉक्टर म्हणाली. "उनका दम घुट रहा है."

कुजणाऱ्या अन्नानं पाण्यातली हवा संपते, म्हणून ते वर येतात, असं तिनं पुढे समजावलं. आईनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. येताना ऑटोत ती खोक्यावर हात ठेवून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "गुदमरून राहिले होते ते. अन् मी त्यायच्या तोंडात घास कोंबत होती."

त्यानंतर ती खाली गेलीच नाही.

मी सोसायटीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. आमच्या पुण्याच्या आड येता म्हणून दोघातिघांनी मला झोडपलं, मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. अति तिथे माती हे मी शुद्ध हिंदीत तीन परिच्छेद करून सांगितलं. शेवटी कमिटीनं पाटी लावली, काठापासून लांब परात ठेवली, पंप लावून पाणी खेळतं केलं. कॉल सुरू व्हायच्या आधी मी स्वतः खाली जाऊन गवत आणि कोबी चिरून ठेवायला लागले. हंस मला दोनदा चावला. पिल्लू तर मला बघून आईच्या पंखाखाली शिरायचं, म्हणजे त्याच्या आईच्या. माझी आई बाल्कनीत बसलेली असायची.

"चल ना खाली," मी म्हणायची.

"काय करू येऊन? हातात काही नसलं का कोणी ओळखत नसते."

असं दहादा ऐकल्यावर माझं टाळकं सरकलं. माशांसाठी एवढं सुतक कुणी पाळतं का, म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "माझं तिकीट काढ. इथं माझं काय काम हाय?" आणि मीही रागारागात काढलं. कन्फर्म झाल्याचा मेसेज आला तो मी तिला लगेच दाखवला नाही. पण तिची बॅग बाहेर आली होती, आणि नको जाऊस म्हणायला आमच्या घरात कुणाला कधी जमलंय?

जायच्या आदल्या दिवशी पिल्लाची पट्टी काढायची होती. उपाशीपोटी काढा, हातात धरल्यावर खाल्लेलं वर येऊ शकतं, असं डॉक्टरनं बजावलं होतं. मी पहाटे खाली गेले. पिल्लू काही हाती लागेना. मी गुडघ्यावर रांगत होते, ते झुडपाखाली, आणि हंस मान लांबवून माझ्यावर फुसफुसत होता. तेवढ्यात चपलांचा आवाज आला.

आई येऊन काठावर बसली. हंसाला नुसतं "गप रे" म्हणाली आणि तो गप झाला. मग तिनं दोन्ही तळवे उघडून झुडपाकडे धरले. "काही नाही न बाप्पा माझ्याजवळ," ती हळू म्हणाली.

पिल्लू आलं. तळव्यांत चोच घालून पाहिलं, काही सापडलं नाही, आणि तिच्या मांडीवर चढून बसलं.

मी कात्रीनं पट्टी कापली. पंख क्षणभर बाहेर लटकला, मग पिल्लानं अंग झटकलं आणि तो आपसूक पाठीवर घडी होऊन बसला, उजव्यासारखाच. आम्ही दोघी बघत राहिलो. आता ते उठेल, परातीकडे जाईल, असं आईला वाटत असावं, कारण ती हलतच नव्हती. ते गेलं नाही. मान मागे वळवून पिसांत घातली आणि झोपून गेलं.

पाणी निवळलं होतं. पाण्यावर एकही तोंड नव्हतं, मासे खाली कुठेतरी संथ फिरत होते, त्यांचा नुसता रंग दिसायचा. लांब मोर ओरडला. कॉल सुरू व्हायची वेळ झाली होती आणि मला उठावंसं वाटत नव्हतं. मला जाणवलं की मध्ये ताट नसताना मी आणि आई अशा कधी बसलोच नव्हतो.

तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "करमते का वं तुले इथं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. बरं चाललंय असं सांगायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. "नाही गं," मी म्हटलं. "अजिबात नाही करमत."

ती पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तिकीट रद्द होते का?"