बिनक्लचची गाडी आणि तात्यांच्या पोटातलं पाणी

गिअरची गाडी बरी की बिनगिअरची, हे मला विचारू नका. म्हणजे विचारा, चहा यायला अजून वेळ आहे, पण मग पुढचं सगळं ऐकून घ्यावं लागेल. कारण या एका प्रश्नापायी मी घोटावड्यात, भर दुपारी, अख्ख्या गावासमोर जे काय करून बसलो, ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

तेव्हा मी पौडच्या एका कंत्राटदाराची जीप चालवायचो. सिमेंट, मुकादम, कधी कोंबड्या, जे असेल ते वाहायचो. मुळशीच्या त्या पट्ट्यात लायसन असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातला सगळ्यात शहाणा मी. हे मीच ठरवलं होतं. पिरंगुटची घाटी दुसऱ्या गिअरात चढायची की तिसऱ्यात, क्लच कधी दाबायचा, कधी सोडायचा, यावर मी पौडच्या हॉटेलात तासतासभर बोलायचो. ऐकणारे सगळे बैलगाडीवाले, त्यामुळं कुणी विरोध करत नसे.

अडचण एकच होती. लग्न अडलं होतं. घोटावड्याच्या तात्यांची इंदू मला पसंत होती. तिच्या आईला मी पसंत होतो. इंदूनं नाही म्हटलं नव्हतं, एवढं मला कळलं होतं, आणि तेवढ्यावर मी हवेत होतो. आडवे आले ते तात्या.

"डायवरला पोरगी न्हाई," ते म्हणाले. "शेतकरी मानूस सांजच्याला घरी दिसतोय तरी. डायवरचं काय, आज हितं, उद्या दरीत."

मी पुष्कळ विनवण्या केल्या. शेवटी म्हातारा म्हणाला, "बरं. मला येकदा गाडीतनं फिरवून आन. पोटातलं पानी हललं न्हाई, तर पोरगी दिली. हललं, तर परत ह्या दारात यायाचं न्हाई."

आता मला सांगा, माझ्या त्या जीपमध्ये पोटातलं पाणीच काय, पोटसुद्धा जागेवर राहायचं नाही. मी मान खाली घालून घरी आलो. दोन दिवस जेवण गेलं नाही.

आणि मग देव पावला. धरणाच्या काठाला मुंबईच्या एका शेठजींचा बंगला होता. त्यांचा ड्रायव्हर तापानं पडला आणि आठ दिवसांसाठी मला बोलावणं आलं. मी गेलो, गाडी बघितली आणि बघतच राहिलो. अमेरिकेची, नवी कोरी. फिकट निळी, पडवीएवढी लांब, मागं माशासारखे पंख. आत सोफा. स्टेअरिंग डाव्या बाजूला. तेही एक वेळ मी समजून घेतलं, तिकडची माणसं रस्त्याच्या उजवीकडून चालतात असं ऐकून होतो. पण खाली वाकून बघतो तर पायडलं दोनच!

"शेठ, क्लच कुणी काढून नेला?" मी विचारलं. मला खरंच वाटलं, चोरी झाली.

शेठ पोट धरून हसले. "अरे, या गाडीला क्लच नसतोच. गिअरही आपोआप पडतात. ही दांडी इथं आणली की चालायला लागते. उतरताना मात्र आठवणीनं..."

उतरताना आठवणीनं काय करायचं, ते मी ऐकलंच नाही. मला धक्काच असा बसला होता. क्लच नाही, गिअर टाकायचा नाही, मग ड्रायव्हर कशाला पाहिजे? बारा वर्षं डाव्या पायानं जी विद्या कमावली, ती या लोकांनी एका दांडीत गुंडाळून ठेवली? माझा अपमान झाला होता. आणि अपमान झाला की मला फार लवकर सगळं समजतं. "कळलं शेठ, कळलं," म्हणालो.

तिसऱ्या दिवशी शेठ म्हणाले, "दुपारी मला गाडी नको. जा, फिरवून आण, हात बसू दे." मी थेट घोटावडं गाठलं.

तात्यांच्या दारात गाडी थांबली तसं निम्मं गाव गोळा झालं. मी किल्ली फिरवून गाडी बंद केली. परत चालू केली. परत बंद, परत चालू. "येतोय का आवाज?" सगळ्यांना विचारलं. कुणालाच येत नव्हता. चौकटीत इंदू उभी होती आणि एकटक माझ्याकडं बघत होती. मी मिशीवरून हात फिरवला. मिशी तेव्हाही विरळच होती, पण होती.

तात्या मागच्या सीटवर बसले. बसले कसले, बुडाले. मी दांडी ओढली आणि निघालो. पन्नास पावलं गेलो नाही तोच पुढं शेळी आली. सवयीप्रमाणं डावा पाय क्लचवर हाणला. क्लच कुठला हो तिथं? तिथं ब्रेकचं हे एवढं रुंद पायडल. गाडी जागच्या जागी खिळली, तात्या पुढच्या सीटच्या पाठीवर आदळले आणि त्यांचा पटका माझ्या मांडीवर आला.

"हललं," तात्या म्हणाले.

"शेळी होती तात्या. शेळीचं धरू नका."

"बरं, येक सोडला." त्यांनी पटका परत गुंडाळला. "पन गाडी नवी दिसतीया. वाघजाईपुढं लिंबू-नारळ केला का?"

"शेठची गाडी हाय ती. शेठ मुंबईचे."

"म्हंजी न्हाई केला. त्याबिगार मी म्होरं जायाचा न्हाई."

वाघजाईचं देऊळ जवळच होतं. गाडी तिथं नेली. गुरवाला हाक गेली, इंदू आणि तिची आई आरतीचं ताट घेऊन आल्या, गाव तर मागं होतंच. आता जागा लक्षात घ्या. देवळापुढून हलका उतार. उतार संपला की तात्यांचं खळं, खळ्यावर पेंढ्याची गंजी आणि गंजीच्या पलीकडं तात्यांची विहीर. विहिरीला कठडा नाही.

माझ्या जीपचा हँडब्रेक नावापुरता होता, त्यामुळं थांबलो की चाकापुढं दगड, ही माझी पक्की सवय. गुरवाला सांगून दगड लावून घेतला. ब्रेकवरचा पाय काढला. गाडी दगडाला टेकून उभी राहिली. इंजिन चालूच ठेवलं, कारण माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं, पूजा करायची ती चालत्या इंजिनाची, बंद गाडी म्हणजे झोपलेला बैल.

इथं माझं शहाणपण नीट ऐका. आपली गिअरची गाडी गिअरमध्ये असेल आणि पाय क्लचवरून काढला, तर काय होतं? एक तर ती पुढं जाते, नाही तर गचका खाऊन बंद पडते. तिसरं काही होत नाही. ही गाडी पुढं जात नव्हती आणि बंदही पडत नव्हती. म्हणजे न्यूट्रलला आहे. गिअर आपले आपण टाकते, तर न्यूट्रललाही आपली आपण जात असणार. बारा वर्षांच्या अनुभवानं हे उत्तर दिलं आणि मी ते घेतलं. दांडीकडं ढुंकूनही न बघता खाली उतरलो आणि ऐटीत दार लावलं.

तात्या मात्र उतरेनात. "लई मऊ हाय ह्ये. मी हितनंच हात जोडतो," म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

गुरव लिंबू घेऊन वाकला. "दगड आडवा येतुया. लिंबू बसंना."

"मग काढा की दगड," मी म्हणालो. "न्यूट्रलला हाय. कुटं जातीया?" एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण लोकांकडं वळून म्हणालो, "ही अमेरिकेची शिस्त. मालकानं सांगितल्याबिगर हलायची न्हाई."

गुरवानं दगड काढून लिंबू ठेवलं. मी नारळ उचलला. फटकन आवाज झाला. मला वाटलं, फुटला. बघतो तर नारळ हातातच. फुटलं होतं ते लिंबू.

गाडी निघाली होती.

गाडीत ड्रायव्हर नाही आणि गाडी निघालीय, शांतपणे, काही आवाज न करता. आपण आवाजाचं कौतुक करून बसलो होतो ना, ते असं अंगाशी आलं. गाव थिजून बघत होतं. एकजण पुढं होईल तर शपथ. मग गुरवानं हात जोडले. "आई चालवतीया," तो म्हणाला. झालं! सगळ्यांनी हात जोडले. देवी गाडी चालवत असताना मध्ये कोण पडणार?

मी धावलो. तात्या अजून डोळे मिटूनच बसलेले, चेहऱ्यावर केवढं समाधान. गाडी हलतेय हे त्यांना कळलं होतं, पण मी चालवतोय अशी समजूत. मी खिडकीशेजारी पळत ओरडलो, "तात्या! तात्या!"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. पुढच्या मोकळ्या सीटकडं बघितलं.

"तू भाईर," ते म्हणाले, "तर मग चालवतंय कोन?"

विहीर समोर दिसत होती. माझं लग्न, शेठची गाडी आणि सासरा, तिन्ही एकदम विहिरीत निघालेले. मी पुढचं दार उघडलं, आत उडी मारली, पाय हाणले, हात पुढं केले. स्टेअरिंग नाही. पायडलंही नाहीत. मी उजव्या बाजूला जाऊन बसलो होतो, पाहुण्यासारखा. बारा वर्षांची सवय. स्टेअरिंग पलीकडं आपलं आपण डुलत होतं. सरकून तिकडं जावं, एवढं साधं सुचू नये? मी समोरच्या कप्प्याचं झाकण उघडून त्यात ब्रेक शोधत होतो.

तेवढ्यात डावीकडच्या खिडकीतून हिरव्या बांगड्यांचा एक हात आत आला आणि त्यानं किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं. गाडी हळूहळू सरकत गेली, गंजीत नाक खुपसलं आणि थांबली. गंजीपासून विहीर पाच पावलांवर.

खिडकीत इंदू होती, धापा टाकत. "तुमीच दोनदा दावलं की," ती म्हणाली, "किल्ली फिरवली की बंद. मी तेच तर बगत हुते मगाशी."

म्हणजे चौकटीत उभी राहून ती एकटक बघत होती ते माझ्याकडं नाही, किल्लीकडं. सगळ्या धक्क्यांत हा धक्का मला जास्त लागला.

तात्या उतरले. विहिरीकडं बघितलं, गंजीकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या हातात तो नारळ अजून तसाच. लग्न मोडलं हे मला कळून चुकलं होतं.

"पोटातलं पानी हललं न्हाई," तात्या म्हणाले.

माझा कानांवर विश्वास बसेना.

"शेळीपाशी हललं, तवा तू चालवीत हुतास. देवळापासनं हितवर जरा सुदिक न्हाई हललं. तवा तू भाईर हुतास." त्यांनी पटका सारखा केला. "शब्द म्हंजी शब्द. पोरगी दिली. पन तिला तुज्या हवाली करत न्हाई. तुला तिच्या हवाली करतुया. काय गं इंदे, सांभाळशील का ह्याला?"

इंदूनं तोंडाला पदर लावला आणि मान डोलावली. "आन आता त्यो नारळ फोड," तात्या मला म्हणाले. "हातात घिऊन काय हुबा ऱ्हायलायस."

संध्याकाळी शेठनी गाडीच्या जाळीतून मूठभर पेंढा ओढून काढला आणि माझ्याकडं बघितलं. मी सगळं खरं सांगितलं. मग त्यांनी पहिल्या दिवशीचं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. उतरताना दांडी परत थांबायच्या खुणेवर न्यायची, नाही तर गाडी गिअरातच राहते आणि मोकळी झाली की चालायला लागते. एवढंच होतं हो ते.

तर विचारत होता ना, कुठली गाडी बरी? हा बघा, चहा आला. आणणारीलाच विचारा. चार वर्षं झाली लग्नाला, तिचं उत्तर काही बदललेलं नाही.

"गिअरचीच बरी," इंदू कपबशी ठेवत म्हणते. "ह्यांच्यावानी मानूस मधीच खाली उतरला, तर ती निदान बंद तरी पडती."