एमपी-फोरमधली आत्या

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात मी पॅकिंगला लागले, तेव्हा मोबाईल गेटवरच जमा करावा लागायचा. जेवणाच्या सुट्टीत ऐकायला काहीतरी हवं म्हणून मी भिवंडीच्या बाजारातून एक छोटा एमपी-फोर प्लेअर घेतला. काड्यापेटीपेक्षा जरासा मोठा, वर इवलासा पडदा, खाली एकच गोल बटण. वॉचमनने तो उलटासुलटा करून बघितला. सिम नाही, कॅमेरा नाही. "गाना सुनने का है ना? जाने दो," म्हणाला.

आमच्या घरी आत्या राहायची. ती धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळद लागण्यापासून प्रत्येक विधीच्या वेळी धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गातात, आणि ती गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. लग्नसराईत तिला घरी बसायला सवड नसायची. माझ्या प्लेअरला ती 'डबी' म्हणायची. "तुज्या डबीत सगली पिक्चरची गानी हायेत. आमची गानी त्यात मावनार न्हायत, बाय," असं चिडवायची.

एका सकाळी तांदूळ निवडता निवडता ती कलंडली. अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. हॉस्पिटलातून घरी आली तेव्हा तिच्या तोंडून फक्त "ता, ता" एवढंच निघायचं. समजत तिला सगळं होतं, त्यामुळे तर जास्तच वाईट वाटायचं. पाणी हवं असलं तरी ती "ता" म्हणायची, उशी हवी असली तरी "ता". आम्ही चुकीची वस्तू पुढे केली की रागाने भिंतीकडे तोंड करायची.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे आम्ही तिला आठवड्यातून एकदा न्यायचो. त्यांनी पुढे केलेली चित्रांची पुस्तकं आत्या बघायचीसुद्धा नाही. शेवटी बाईंनी मला विचारलं, "ह्या आधी काय करायच्या?"

"धवले म्हणायची," मी म्हटलं.

बाई एकदम सावरून बसल्या. "मग बोलायला नका सांगू, गायला सांगा. कधी कधी बोलणं जातं, पण गाणं राहतं. आणि गाताना तोंड कसं हलतं ते त्यांना दिसू दे."

तोंड दिसू दे म्हणजे व्हिडिओच हवा. माझ्या चुलतभावाच्या हळदीला आत्या गायली होती. मी लग्नाची शूटिंग करणाऱ्याकडे गेले. त्याने कॉम्प्युटरवर ती हळद काढली आणि मी सांगितलेला भाग बघून म्हणाला, "एवढाच कापू? ह्यात नवरा दिसतच नाही."

"नवरा नको. गाणारी बाई हवी."

त्याने तो भाग प्लेअरमध्ये भरून दिला. शेजारच्या कापडाच्या कारखान्यात लूम चालू असले की आमच्या घरात काही ऐकू येत नाही, म्हणून मी आत्याच्या कानात इअरफोन घातले आणि बटण दाबलं. पडद्यावर हिरव्या लुगड्यातली आत्या मान हलवत गात होती. अंथरुणावरची आत्या तिच्याकडे बघत राहिली, मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तिने इअरफोन ओढून काढले. आई मला रागावली. "कशाला दावलंस तिला?" प्लेअर तिच्या उशाशी तसाच ठेवून मी ड्युटीला गेले.

संध्याकाळी परत आले तर आई दारातच उभी. तोंडावर बोट ठेवून तिने मला आत बघायला सांगितलं. आत्याने प्लेअर छातीवर ठेवला होता आणि डाव्या अंगठ्याने बटण दाबून तीच जागा पुन्हा पुन्हा लावत होती. ओठ हलत होते. आधी नुसती गुणगुण आली. कितीतरी वेळ तेवढंच. मग पडद्यावरच्या स्वतःच्या तोंडाकडे डोळे लावून ती सुरात म्हणाली, "हलद..."

आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली.

त्यानंतर शब्द आले, पण फक्त सुरात. साधं बोलायला गेली की पुन्हा "ता". मग युक्ती आईलाच सुचली. ती चहाचा कप हातात धरून धवल्याच्या चालीत म्हणाली, "चाय देऊ का गो, चाय देऊ का?" आत्याने क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि त्याच चालीत उत्तर दिलं, "चाय दे गो, साखर कमी." आम्ही तिघी इतक्या हसलो की शेजारीण धावत आली. पुढे कित्येक दिवस आमच्या घरात पाणी, भाकर, गोळी, सगळं लग्नाच्या चालीत मागितलं जाई. घरी आलेल्या पाहुण्यांना कळेनाच, की इथे लग्न कुणाचं आहे!

पुढच्या लग्नसराईत त्याच शेजारणीच्या मुलीची हळद होती. धवलारीण दुसऱ्या गावाहून येणार होती. तरी शेजारीण आत्याला बोलवायला आली. "तू नुसती मांडवात बस. तू दिसलीस तरी बरं वाटंल," म्हणाली. आत्या बसली. पहिला धवला सुरू झाला आणि दुसऱ्या ओळीला तिचा आवाज त्यात मिसळला. मध्येच एक शब्द अडकला. तिने हात वर केला, बायका थांबल्या. तिने डोळे मिटले, ओठांनी तो शब्द चाचपला आणि मोठ्याने म्हटला. मग बायकांनी पुढची ओळ उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. आत्या खाटेवर उठून बसली आणि कसल्याही सुराशिवाय, सावकाश, एकेक शब्द वेचत म्हणाली, "बाय, शिफ्ट... कवा... सुटनार हाय?"

"सहाला, आत्या," मी म्हटलं. डब्याचं झाकण लावायला मला जरा वेळच लागला.