मोठ्या गाडीची चार इंजिनं

आमचे वडील लातूरच्या एका सरकारी कार्यालयात ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एकाच मॉडेलची मोठी गाडी चालवली. गाडी जुनी झाली की कार्यालयात तिचीच नवी आवृत्ती यायची. नाव तेच, ठेवण थोडी बदललेली, आणि बॉनेटखालचं इंजिन मात्र अगदीच वेगळं. अशा तीन गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. त्या तिन्हींत मी, माझा धाकटा भाऊ किंवा आई एकदाही बसलो नाही.

तसा लेखी हुकूम कोणी काढलेला नव्हता. कॉलनीतले बाकीचे ड्रायव्हर पोरांना शाळेत सोडायचे, पाहुण्यांना स्टँडवरून आणायचे. अण्णांचं म्हणणं एकच, "गाडी हापिसाची हाय. आपली न्हाई." एवढं बोलून ते हात धुऊन जेवायला बसत.

एकदा आम्ही चाकूरला मावशीकडे गेलो होतो. परतताना फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. ऊन तापलेलं, भाऊ रडकुंडीला आलेला. नांदेडच्या बाजूनं एक गाडी आली. ती नजरेच्या टप्प्यात यायच्या आधीच मी आवाजावरून ओळखली आणि ओरडले, "अण्णा आले!" गाडी रिकामी होती. साहेबांना नांदेडला सोडून अण्णा एकटेच परत चालले होते. त्यांनी गाडी कडेला घेतली, काच खाली केली, आपली पाण्याची बाटली आईच्या हातात दिली आणि म्हणाले, "मागं अहमदपूरची एसटी येऊन राहिली. दहा मिनिटात येती." आणि गेले.

आईनं बाटली आम्हा पोरांना दिली, स्वतः लातूर येईपर्यंत एक घोट घेतला नाही. आम्ही घरी पोचलो तर अण्णांनी भात टाकलेला आणि पिठलं केलेलं. पिठलं खाली लागलं होतं. आईनं पहिला घास घेतला, क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "तुम्ही आपली गाडीच चालवा. चुलीच्या नादी लागू नका." त्या दिवशीचं जळकं पिठलं आम्ही ताट पुसून खाल्लं.

गाडीत बसलो नसलो तरी तिचं इंजिन आम्हाला पाठ होतं. दुसऱ्यांचे वडील रात्रीच्या जेवणाला शेतातलं, नाहीतर भावकीतलं सांगत असतील, आमचे अण्णा इंजिन सांगायचे. पहिल्या गाडीचं साधं डिझेल इंजिन होतं. थंडीत सकाळी चावी फिरवली की डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागायचा, आणि तो विझेपर्यंत हात बांधून बसायचं. घाई केली तर गाडी नुसती खोकायची. सुरू झाली की गिअरची दांडी थरथरायची, आरशातलं काही धड दिसायचं नाही. "चढाला ती बिचारी लई दमायची," अण्णा सांगत. माणसं भरलेली असली की दुसऱ्या गिअरवर, काळा धूर सोडत.

दुसरी गाडी टर्बोची आली. टर्बो म्हणजे काय ते अण्णांनी आम्हाला ताटावरच शिकवलं. चार वाट्या ओळीनं मांडल्या, हे चार सिलिंडर. "चुलीला फुंकणी घातली की जाळ कसा उठतो? तसंच हे. फक्त फुंकणारं कोणी लागत न्हाई. बाहेर जाणाऱ्या धुरावर एक चक्र फिरतं, आन् तेच चक्र ताजी हवा आत ढकलतं." भावानं विचारलं, "म्हणजे धूर वाया जात नाही?" अण्णा इतके खूश झाले की आपल्या ताटातला गूळ त्याला दिला. मी आज नांदेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. टर्बोचा धडा आमच्या पुस्तकात नाही, तरी मी दर वर्षी तो शिकवते, आणि वाट्या मांडूनच शिकवते.

तिसऱ्या गाडीवर मात्र अण्णा आठवडाभर रुसले होते. तिच्यात कुठल्या सिलिंडरला कधी आणि किती डिझेल द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवत होता. "आता आपण काय करायचं मंग? नुसतं बसायचं?" ते म्हणाले. पण महिन्याभरात सूर बदलला. चौथ्या गिअरवर हळू चालवली तरी ही गाडी कुरकुरत नाही, दाबलं की लगेच उचलते, आणि मागे बसलेल्या साहेबांच्या हातातला चहा हलत नाही. "कॉम्प्युटर हुशार हाय," त्यांनी जाहीर केलं. अण्णांच्या तोंडून कुणाला मिळालेली ती सगळ्यात मोठी पदवी होती.

मग ते निवृत्त झाले. हार, श्रीफळ, फोटो झाला आणि दुसऱ्या दिवसापासून ते अंगणात नुसतेच फिरायला लागले. मोटारसायकल दिवसातून दोनदा पुसायचे. रस्त्यावरून मोठी गाडी गेली की मान तिकडे. भावानं मला फोन केला, "अक्का, आपण घेऊ की एक. सगळे मावू अशी." मी मोजलं. अण्णा, आई, भाऊ, वहिनी, मी, माझे यजमान आणि आमची मुलगी. मोजून सात. अण्णांच्या त्याच मॉडेलची नवी आवृत्ती सात जणांचीच होती.

नांदेडच्या शोरूममध्ये जायच्या दिवशी अण्णा पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि पॉलिश केलेले काळे बूट घालून आले. आई म्हणाली, "ड्यूटीवर चाललात का?" त्यांनी केस पुन्हा एकदा विंचरले.

शोरूममध्ये एक तरुण मुलगी आम्हाला गाडी दाखवायला पुढे आली. तिनं भावाकडे बघून सुरुवात केली. मोठा स्क्रीन, छतातली काच, बोललं की ऐकणारी गाडी. अण्णा ऐकून घेत होते. ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा म्हणाले, "बाई, बॉनेट उघडता का?"

तिनं उघडलं. अण्णा वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. वर प्लॅस्टिकचं झाकण, खाली काही दिसतच नव्हतं. "इंजिन किती प्रकारात येतं?" त्यांनी विचारलं.

आता ती मुलगी खुलली. एक टर्बो पेट्रोल. एक डिझेल, तेच इंजिन दोन ताकदींत, खालच्या मॉडेलला कमी आणि वरच्याला जास्त. शिवाय एक पेट्रोल आणि बॅटरी मिळून चालणारं. कमी ताकदीच्या डिझेलला हाताचे गिअर, जास्तीच्याला फक्त ऑटोमॅटिक.

"इंजिन एकच, तर ताकद दोन कशी?" अण्णांनी परीक्षा घेतली.

"टर्बो आणि कॉम्प्युटरची मांडणी वेगळी आहे, काका. चढाला इंजिन कमी फेऱ्यांवर असतानाच जोर मिळतो. सातजण बसले तरी."

अण्णांनी मान हलवली. "कुठल्या गावची तू?"

"देगलूरची."

"आमच्या हिचं माहेर देगलूरच," ते म्हणाले, आणि तिथून पुढे ती मुलगी अण्णांशीच बोलायला लागली. भाऊ बाजूच्या खुर्चीत जाऊन बसला.

बॅटरीवाली गाडी बघताना अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. "चालू कर बरं," ते म्हणाले. तिनं हात घालून बटण दाबलं. अण्णा वाट बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "का गं, पेट्रोल न्हाई का हिच्यात?"

"काका, चालू आहे."

अण्णांनी कान टवकारले, स्टिअरिंगवर तळवा ठेवला. काहीच नाही. मग जे हसायला लागले ते थांबेनात. आईला हाक मारून म्हणाले, "अगं, ही तर तुझ्यासारखी हाय! रागावली का खूश हाय, कळतच न्हाई."

"मी रागावले की कळतंय तुम्हाला चांगलं," आई म्हणाली. शोरूममधली दोन गिऱ्हाइकंसुद्धा हसली.

खरी गंमत, आणि थोडा वेळ तरी खरं संकट, पुढेच होतं. डिझेल ऑटोमॅटिक चालवून बघायची ठरली. अण्णांच्या शेजारी ती मुलगी, मधल्या सीटवर आई आणि मी, मागे भाऊ. गाडी लोह्याच्या रस्त्याला लागली. पुढे सिग्नलपाशी वाहनं थांबायला लागली, तसे अण्णा हळू झाले आणि त्यांचा डावा पाय सवयीनं क्लच दाबायला गेला. क्लच नव्हताच. पाय पडला रुंद ब्रेकवर, पूर्ण ताकदीनं. गाडी जागच्या जागी थांबली. आईचं डोकं पुढच्या सीटला लागलं, मागे हॉर्नचा कल्ला झाला.

अण्णांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या गाडीत कुणाला असा हिसका बसला नव्हता. त्यांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले आणि भावाला म्हणाले, "तू चालव. मला न्हाई जमत. आपला काळ गेला." ती मुलगी म्हणत होती, "काका, सगळ्यांचं होतं असं पहिल्यांदा," पण अण्णा ऐकत नव्हते.

आई खाली उतरली. कपाळ चोळत त्यांच्यासमोर उभी राहिली. "डाव्या पायातला बूट काढा."

"काय?"

"बूट काढा म्हणते ना. मोजा पण. पाय उघडा राहिला की ध्यानात राहील, ह्या पायाला आज सुट्टी हाय."

रस्त्याच्या कडेला अण्णांनी बूट काढला. आईनं तो हातात घेतला आणि मांडीवर ठेवून परत मधल्या सीटवर बसली. अण्णा एका पायात बूट आणि एक पाय उघडा असे स्टिअरिंगमागे बसले. मी हसू दाबत होते. भाऊ मागे तोंड लपवून बसला होता.

गाडी निघाली. पहिला किलोमीटर अण्णा खांदे आवळून होते. मग खांदे सैल झाले. गावाबाहेर रस्ता मोकळा झाला, पुढे चढ आला, आणि समोर उसाची भरलेली ट्रॉली रखडत होती. अण्णांनी आरशात बघितलं, पाय थोडासा दाबला. गाडीनं स्वतःच गिअर बदलला, एक खोल हुंकार दिला आणि ट्रॉली मागे पडली. परत आलो तेव्हा अण्णांनी गाडी बंद केली. मग उतरले, वळसा घालून मागे आले आणि आईच्या बाजूचं दार उघडून अदबीनं उभे राहिले.

आईनं बूट त्यांच्यापुढे धरला. "अवो, मी काय साहेब हाय का?"

अण्णा भानावर आले आणि दाराला धरूनच हसले.

निर्णय घ्यायला बसलो तर मतं चार. मला गावात फिरायला पेट्रोल हवी होती, वहिनीनं फोनवर बॅटरीवालीचा आग्रह धरला, भाऊ हाताच्या गिअरसाठी अडून बसला. त्याला वाटलं, अण्णांना तीच आवडेल. सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. ते डाव्या गुडघ्यावर हात ठेवून बसले होते.

"ही डिझेल घ्या. जास्तीच्या ताकदीची, बिनक्लचची," ते म्हणाले. "चढावर गुडघा दुखला न्हाई."

"गुडघा?" आई म्हणाली. "कधीपासून दुखतो?"

"लई वर्षं झाली. क्लच दाबून दाबून. सांगून काय करायचं होतं?"

इंजिनातली खडखड दुरून ओळखणाऱ्या माणसानं स्वतःच्या गुडघ्याचं आम्हाला कधी कळू दिलं नव्हतं. भावानं लगेच त्या मुलीला सांगितलं, हीच.

गाडी ताब्यात आल्यावर पहिला प्रवास नांदेडहून थेट आईच्या माहेरी, देगलूरला. सातजण. आई पुढच्या सीटवर, डबे तिच्या पायाशी. नायगावपर्यंत अण्णा एक अक्षर बोलले नाहीत. शेवटी आई म्हणाली, "बोला की काहीतरी."

"गाडी चालवताना ड्रायव्हरनं बोलायचं नसतं."

"मागं साहेब न्हाईत. नात बसलीय."

मग त्यांनी घसा साफ केला आणि बोलायला लागले ते देगलूरपर्यंत थांबले नाहीत. कुठल्या वळणावर कोणतं झाड होतं, कुठल्या पुलावरून पाणी गेलं होतं, कुठल्या टपरीवर चहा गोड मिळायचा. या रस्त्यांवर माझ्या वडिलांनी एवढं बघून ठेवलं होतं, ते मला पहिल्यांदा कळत होतं. माझी मुलगी मागून प्रश्न विचारत होती आणि ते आरशात बघून उत्तरं देत होते.

देगलूरला मामाच्या दारात गाडी थांबली तशी अर्धी गल्ली गोळा झाली. मामाच्या शेजारचे एक म्हातारे आजोबा तेलुगूच बोलायचे. जवानीत ट्रक चालवलेले. ते काठी टेकत थेट बॉनेटपाशी आले. अण्णांनी बॉनेट उघडलं. मग अण्णा मराठीत सांगणार, मामा तेलुगूत सांगणार, आजोबा काठीनं एकेक भाग दाखवून पुढचा प्रश्न टाकणार. टर्बो कुठं, हवा कुठून, कॉम्प्युटर कुठं बसतो. आजोबांनी इंजिन चालू करायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि मामाला काहीतरी लांबलचक सांगितलं.

"काय म्हणतात?" अण्णांनी उत्सुकतेनं विचारलं.

"म्हणतात, आवाज गोड हाय," मामा म्हणाला. "आन् म्हणतात, आत पानं वाढून झालीत, बायका तीनदा हाका मारून गेल्या. आता बंद करा."

अण्णांनी चावी खिशात टाकली, आजोबांचा हात धरला, आणि दोघं जेवायला आत गेले. पंगतीत ते शेजारी शेजारी बसले. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. वरणभात कालवता कालवता अण्णांनी आपल्यासमोरच्या चार वाट्या ओळीनं मांडल्या, तेव्हा आजोबांनी मान डोलावून आपली एक वाटी टर्बो म्हणून त्या ओळीच्या बाजूला सरकवली.