आप्पांनी मारलेल्या राण्या

आक्का, निपाणीच्या स्टँडवर मी बेळगावच्या गाडीत बसले तेव्हा तू पुण्याला होतीस. मधाच्या पेट्या एकेक करून मरत होत्या. आम्ही दोघं आप्पांच्या पेट्यांवरच जगत होतो. ह्यांना बेळगावच्या कारखान्यात काम मिळालं, म्हणून निघालो. आप्पा खिडकीखाली उभे राहून म्हणाले, "माश्या सावरल्या की या माघारी. जागा हाय तुमची." त्या शब्दावर मी बेळगावजवळच्या कंग्राळीत भाड्याच्या खोलीत वर्षं काढली. भिंतीला साधा खिळा मारला नाही.

माश्यांना ती तांबडी गोचीड लागली होती, टाचणीच्या डोक्याएवढी. औषधाच्या पट्ट्या लावल्या, धुरी दिली. तरी सूर्यफुलाच्या रानात पेटी उघडली की वाकड्या पंखांच्या माश्या नुसत्या सरपटायच्या.

इथं मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये बाटल्या धुते. तिथल्या मॅडम कानडी आहेत, मराठी जपून बोलतात. त्या मधमाश्यांवरच काम करतात हे कळलं, तरी तोंड उघडायला मला अख्खा पावसाळा लागला. काही माश्या गोचिडीला पुरून उरतात, म्हणाल्या. तसल्यांच्या जनुकात एक खूण असते. माशी कुटून मशीनमध्ये तपासली की ती दिसते. आप्पांच्या उरलेल्या पेट्यांत ती सापडली असती, तर त्याच राण्यांपासून सगळं पुन्हा उभं राहिलं असतं. आम्ही परत गेलो असतो. मी फोन केला, आणि दुसऱ्याच दिवशी आप्पा स्वतः स्पिरिटच्या बाटल्यांत माश्या घेऊन आले.

तपासणी झाल्यावर मॅडमनी मला जवळ बसवलं. "इल्ला," म्हणाल्या. "एकाही पेटीत नाही."

मग तसल्या माश्या ओळखायच्या कशा, असं मी विचारलं. पोळ्यातल्या पिल्लाच्या झाकलेल्या घरात गोचीड आहे हे त्यांना वासानं कळतं, मॅडम सांगू लागल्या. त्या झाकण फोडतात आणि आतलं पिल्लू बाहेर टाकतात, म्हणून गोचीड वाढत नाही. सकाळी पेटीच्या दारात पांढरी पिल्लं पडलेली दिसतात.

आक्का, तुला आठवतं ना? चहाआधी आप्पा प्रत्येक पेटीचं दार बघत फिरायचे. पिल्लं पडलेली दिसली की म्हणायचे, "आपली पोरं भाईर टाकती, असली राणी काय कामाची?" आणि तिला चिमटीत चिरडून स्वच्छ दाराच्या पेटीत वाढवलेली नवी राणी तिथं द्यायचे. आम्ही पोरी त्यांना लांबून दाखवायचो, आप्पा, ह्या पेटीत बी पडल्यात.

मी आप्पांना फोनवर नुसतं 'नाही' सांगणार होते. पण त्यांनी विचारलं, "मग जगत्यात त्या कसल्या?" मला सांगावं लागलं. मग म्हणाले, "म्हंजे चांगल्या तेवढ्या मीच मारल्या गं." मी म्हटलं, तुम्हाला कुठं ठाऊक होतं. ते ऐकतच नव्हते. खुणेची राणी मॅडम देतील का, विचारलं. मी आधीच विचारून आले होते. आपल्या भागातल्या कुठल्याच पेटीत ती अजून पक्की मिळालेली नाही, शोध चालू आहे.

उरलेल्या पेट्याही दिवाळीआधी गेल्या. 'या माघारी' हे आप्पा आता म्हणत नाहीत. आता तेच दर आठवड्याला कंग्राळीला येतात, आमच्या खोलीत भिंतीला टेकून बसतात. शेवटची गाडी चुकेल, असं मी सांगते. ते म्हणतात, "जाऊ दे की." मी अंथरूण घालते. तिकडं आता त्यांनाही जायचं नाही.