सात नंबरचं खळं

रामनाथने तीस वर्षं ट्रक चालवला. पण त्या रविवारी संध्याकाळी धामणकर नाक्याजवळच्या शाळेच्या हॉलमध्ये त्याला जेवढा घाम फुटला, तेवढा कसारा घाटात ब्रेक गेला तेव्हाही फुटला नव्हता. त्याची पोरगी क्षितिजा रंगमंचावर एकटीच पाऊण तास उभी राहणार होती. ‘एका ड्रायव्हरचं नाटक आहे’ एवढंच तिने घरी सांगितलं होतं. भिवंडीत ड्रायव्हरांचा काय दुष्काळ आहे, म्हणून रामनाथ निर्धास्त होता. दुपारी दोरीवरचा त्याचा खाकी शर्ट गायब झाला, तेव्हा कुठे त्याची ट्यूब पेटली.

त्याला भीती एकाच गोष्टीची होती. गोदामाच्या सात नंबरच्या डॉकला ट्रक लागला, की रामनाथ चपला केबिनमध्ये ठेवून अनवाणी खाली उतरायचा. दुसरीकडे कुठेही नाही, फक्त तिथे. मग सिमेंट तव्यासारखं तापलेलं का असेना. हमाल हसायचे. “चाचा, चप्पल किराये की है क्या?” रामनाथ म्हणायचा, “आदत है.” पंधरा वर्षं हेच उत्तर. खरं कारण सांगितलं असतं तर ते आणखीच हसले असते.

आता गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. नवा सुपरवायझर भूपेश पोरगा वाईट नव्हता, पण नियमाला पक्का. एक तारखेपासून सेफ्टी बूट नसेल तर ड्रायव्हरने डॉकवर उतरायचं नाही. उतरला तर गेटपास बंद. रामनाथला त्याने दोनदा बाजूला घेऊन समजावलं होतं. एक तारीख परवाच, मंगळवारी होती. बूट घालायला मन धजत नव्हतं, न घालावे तर पोटावर पाय. आणि हाच भूपेश तिसऱ्या रांगेत येऊन बसला होता, कारण क्षितिजाने गोदामातल्या सगळ्यांना पास वाटले होते. रामनाथ आणि त्याची बायको काशी शेवटच्या रांगेत बसले.

पडदा उघडला. एक स्टूल, लोखंडी सळईवर बसवलेलं स्टीअरिंग आणि कोपऱ्यात एक सूप, बाकी काही नाही. क्षितिजा आली ती बाह्या कोपरापर्यंत दुमडून, डावा खांदा किंचित पाडून. चपला काढल्या. स्टीअरिंगला हात लावून कपाळाला लावला, दोनदा खाकरली आणि बसली.

“आगं बाय,” काशी तोंडाला पदर लावून म्हणाली, “तुमीच हाय ती.”

मग क्षितिजाने काय काय नाही दाखवलं! रस्ता सांगणारा मोबाईल, त्याच्याशी भांडणारा ड्रायव्हर. जांभई दिली तरी केबिनमधला कॅमेरा ओरडतो म्हणून तोंड मिटून दिलेली जांभई. ज्या गावांना तो शेतांवरून ओळखायचा, ती गावं आता गोदामांच्या गाळ्यांच्या नंबरांवरून शोधणं. हॉल खदखदून हसला. रामनाथही हसला, आणि आपण कुणाला हसतोय हे कळल्यावर गप्प झाला.

मग क्षितिजाने ट्रक रिव्हर्सला घातला. मान मागे वळवली, डोकं खिडकीबाहेर काढलं आणि थांबली. मागे कुणीतरी फाळक्यावर थापा मारत सांगितल्याशिवाय कोणताही शहाणा ड्रायव्हर गाडी मागे घेत नाही. ती वाट बघत राहिली. रामनाथला राहवलं नाही. त्याचा हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर धपाधप पडू लागला. “आन दे… आन दे… जरा डावा मार… आन दे… बस!”

सगळा हॉल वळून बघू लागला. धरणीने पोटात घ्यावं असं रामनाथला झालं. पण पोरीने त्याच्या ‘डावा मार’ला डावं मारलं होतं, ‘बस’ला ब्रेक दाबला होता. त्याच्याच आवाजात ती म्हणाली, “लागली सातला.”

ती अनवाणीच खाली उतरली. कोपऱ्यातलं सूप उचलून तिने त्यातल्या तांदळाच्या पिठाने रंगमंचावर मोठं गोल रिंगण काढलं आणि त्याच्या मध्ये उभी राहिली.

“लोकं इचारतात, आदत हाय का. आदत न्हाय. या सिमेंटच्या खाली माझ्या बापाचा खला हाय. शेनानं सारवलेला. इथं आमी भात झोडायचो. बाप बोलायचा, खल्यात पायात घालून आलास तं तंगडी मोडीन. शेत गेला, खला गेला, बाप पन गेला. पन जाताना, आता घाल, असा काय तो मना बोलला न्हाय.”

रामनाथने काशीकडे बघितलं. हे त्याने तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

“मी भात झोडलाय तिथं,” काशी समोर बघतच म्हणाली. “मना ठाव न्हाय व्हय? पोरीनं इचारला, तवा सांगितला.”

रामनाथने पुन्हा रंगमंचाकडे बघितलं. शाळेला सुट्टी लागली की ही पोर केबिनमध्ये यायची, मांडीवर बिस्किटांचा पुडा घेऊन बसायची. तिला जग दाखवायला म्हणून तो न्यायचा, आणि ती सगळा वेळ त्याच्याकडेच बघत होती. त्याचा पडलेला खांदा, त्याचं खाकरणं, त्याने गिळून टाकलेलं उत्तर. आपल्यासारख्या माणसाला कुणी एवढं बघून ठेवतं, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं.

नाटक संपलं. लोक क्षितिजाला भेटायला रंगमंचाकडे निघाले. भूपेश पायऱ्यांपर्यंत गेला, थांबला, खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. मग मोज्यांवरच वर जाऊन, रिंगणाच्या कडेकडेने तिला भेटून आला. बूट हातात घेऊनच तो शेवटच्या रांगेपाशी पोहोचला.

“रामनाथदादा, नियम बदलणं माझ्या हातात नाही.”

“मना ठाव हाय.”

“पण डॉक माझ्या हातात आहे. मंगळवारपासून तुमची गाडी नऊ नंबरला लावू. नऊला काय होतं तुमचं?”

पंधरा वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. रामनाथने डोळे मिटले आणि सातपासून पावलं मोजावीत तसा मनातल्या मनात चालत गेला. खळ्याची कड. पेंढ्याची उडवी. आंबा.

“नऊला बैलांचा गोठा व्हता.”

“मग तिथे बूट चालतील?”

“गोठ्यात बूटच बरं,” रामनाथ म्हणाला. “शेन असतो ना.”