घोटावड्याचा पिवळा फुलकिडा

प्रा. विनायकराव खोचीकर यांची आणि माझी ओळख माझ्या डब्यातल्या ताटलीवरून झाली. महाविद्यालयात मी नुकताच रुजू झालो होतो. जेवायला बसणार तोच सर आले, "पांढरी आहे, छान आहे," म्हणाले आणि माझी इनॅमलची ताटली घेऊन बागेत गेले. फांदी ताटलीवर झटकायची आणि पडलेले किडे ब्रशाने टिपायचे, ही त्यांची रीत. त्या दिवशी मी डब्याच्या झाकणात जेवलो.

सरांचा सारा जीव फुलकिड्यांत. चहा-कॉफीच्या पानांतला रस शोषून ती पांढुरकी करून टाकणारे हे किडे तिळाहून बारीक असतात. घोटावड्याच्या ताराबाईंच्या परसात कुर्गहून आणलेली कॉफीची झाडं होती. तिथून आणलेल्या किड्यांत सरांना सूक्ष्मदर्शकाखाली एक फिकट पिवळी जात आढळली, कुठल्याच वर्णनात न बसणारी. त्यांच्या हाती लागलेली पहिली नवी जात! तिला गावाचं नाव द्यायचं ठरलं. निबंध छापायला गेला, त्यावर सरांनी आपणहून माझंही नाव घातलं. ताराबाईंनी तर गावभर सांगून टाकलं.

आणखी नमुने हवेत म्हणून आम्ही पुन्हा गेलो. सरांनी फांदी झटकली. ताटलीत सगळे काळे. दुसरं झाड झटकलं, तिसरं झटकलं. पिवळा एकही नाही. सर ओट्यावर बसले.

"जोशी, दिवाळीच्या सुट्टीत माझे नमुने कॉस्टिकमध्येच राहिले होते."

काचेवर लावण्याआधी किडा या द्रावणात थोडा वेळ ठेवून पारदर्शक करतात. फार राहिला तर त्याचा रंगच जातो. आमची नवी जात म्हणजे रंग उडालेली जुनीच जात होती.

"बाकी सगळं तेव्हाही जुन्या जातीशी जुळत होतं," सर म्हणाले. "मला नवी जात हवी होती ना, म्हणून दिसलं नाही."

मला फार वाईट वाटलं. सरांनी मात्र ताराबाईंना तिथल्या तिथे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, सर. किडीपायी गाव वळखलं जान्यापरीस बरंच झालं की! च्या घ्या, निवतोय."

पुण्यात उतरताच सरांनी तार करून निबंध परत मागवला. 'चूक सर्वस्वी माझी, जोशींचा तीत काही भाग नाही,' असं संपादकांना वेगळं कळवलं. मला हे पुष्कळ उशिरा समजलं. नव्या विद्यार्थ्यांना सर आजही पहिल्या तासाला तोच पिवळा किडा दाखवतात आणि स्वतःची फजिती रंगवून सांगतात.

पुढे सरांनी पुष्कळ किड्यांची ओळख पटवली. नवी जात मात्र त्यांच्या नावावर अजून नाही. सरांच्या साठीच्या या समारंभाचं आमंत्रण द्यायला गेलो तेव्हा ताराबाई म्हणाल्या, "सरांना म्हनावं, झाडं हायेत अजून. आमी वाट बगतुया."

सर, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, गुडघे आणि डोळे असेच शाबूत राहोत. माझी ताटली अजून आपल्याकडेच आहे. ती परत करू नका, घोटावड्याला जायचंय.